अर्ध्या मार्काची उधारी

या महिन्यात टपाल बरंच आलं आणि त्यातलं एक पत्र थेट माझ्यावरच उलटलेलं आहे. ते बाजूला सारणं बरं दिसणार नाही, म्हणून तेच आधी घेते.

प्रश्न : मॅडम, मी तुमची जुनी विद्यार्थिनी. १९९६ साली एफ.वाय.ला असताना पत्रलेखनात मी 'द मीटिंग हॅज बीन प्रीपोन्ड' असं लिहिलं होतं. तुम्ही शब्दाखाली लाल रेघ मारून अर्धा मार्क कापलात आणि भर वर्गात म्हणालात, 'असा शब्द इंग्रजीत नाही, आपल्याकडच्या कारकुनांनी पाडलाय.' आता माझा मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्यानं मेलमध्ये हाच शब्द लिहिला, तर लंडनच्या साहेबानं 'काय छान इंडियन शब्द!' म्हणून कौतुक केलं. मग माझा अर्धा मार्क गेला कुठे?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुझी उत्तरपत्रिका आठवत नाही, पण ती रेघ माझीच, यात शंका नाही. त्या काळात मी 'प्रीपोन'वर इतके अर्धे मार्क कापलेत की सगळ्यांची बेरीज केली तर एखादा मुलगा डिस्टिंक्शनमध्ये बसेल.

माझं तेव्हाचं गणित सोपं होतं. स्टाफरूममध्ये एक जुना, पाठीचा पुठ्ठा निखळलेला शब्दकोश होता. त्यात शब्द नाही म्हणजे भाषेत नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातली नोंद पाहिली आणि गप्प बसले. १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला एका वाचकानं पत्र लिहून हा शब्द सुचवला होता. 'पोस्टपोन' आहे, मग त्याला जोडीदार नको का, विशेषतः वकील मंडळींना तो लागेल, असा त्याचा मुद्दा. म्हणजे तुझ्या मुलाच्या साहेबाचंही चुकलं आणि माझंही. अमेरिकेत तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही, आपल्याकडे मात्र शब्दानं मूळ धरलं. आपल्या कारकुनांनी न्यूयॉर्कचा पेपर वाचून तो उचलला असेल असं मला वाटत नाही. 'पोस्ट' म्हणजे नंतर, 'प्री' म्हणजे आधी, एवढं ठाऊक असलेल्या कुणालाही तो सुचेल. गरज इथे होती. आमच्याकडे साखरपुडा, ऑडिट आणि मंत्र्यांचा दौरा या तिन्ही गोष्टी अलीकडे आणाव्या लागतात.

'डू द नीडफुल'चं उलट आहे. त्याला लोक हसतात ते 'बाबू इंग्रजी' म्हणून. पण तो इंग्रजांनीच आणला. तिकडे वापरातून गेला, आपल्या सरकारी पत्रांत राहिला. माहेरी जिची फॅशन संपली ती पैठणी सासरी अजून जपून नेसली जाते, तसं. अमेरिकन लोकांचं 'गॉटन' आणि पानगळीच्या ऋतूला 'फॉल' म्हणणं हेही असंच. इंग्लंडातून जहाजानं गेलेले जुने शब्द. आज तेच ऐकून इंग्रज नाक मुरडतात.

मग सगळंच चालतं का? नाही. 'डिस्कस अबाउट'खाली मी आजही रेघ मारीन, कारण नोकरीच्या अर्जावर ज्याची नजर पडणार आहे त्याला ते खटकतं. हा व्यवहार झाला. त्या व्यवहाराला मी धर्म समजत होते, ही माझी चूक. 'मी २००० साली पास्ड आउट झाले' असं तू इंग्लंडात म्हणालीस तर समोरचा पाणी आणायला धावेल, कारण तिकडे त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं. तोच इंग्रज लष्करी अकादमीच्या 'पासिंग आउट परेड'ला मात्र ताठ उभा राहून टाळ्या वाजवतो.

अर्धा मार्क परत केला असं समज. त्यानं क्लास बदलत असेल तर विद्यापीठात अर्ज कर, माझ्या हातात आता काही नाही.

प्रश्न : पाचशे वर्षांपूर्वीचे लोक इंग्रजी कसं उच्चारायचे हे पुस्तकांत ठामपणे लिहिलेलं असतं. तेव्हा रेकॉर्डिंग नव्हतं. मग हे कळलं कसं? आणि सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला 'के' बोलायचा नसेल तर लिहायचा कशाला?
— बी.ए. तृतीय वर्षाचा विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्षाला एखादाच मिळायचा. जरा सविस्तर सांगते.

पहिला साक्षीदार यमक. अलेक्झांडर पोप या कवीनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अॅन राणीची थट्टा करताना 'टी' म्हणजे चहा हा शब्द 'ओबे'शी जुळवला आहे. पोप यमकात ढिला नव्हता. तेव्हा त्याच्या कानाला चहा 'टे' असा ऐकू येत होता, हे उघड आहे.

दुसरा साक्षीदार कच्चं शुद्धलेखन असलेली माणसं. शिकलेला माणूस शाळेत सांगितलं तसं लिहितो, कमी शिकलेला कानाला ऐकू येतं तसं लिहितो. त्यामुळे जुन्या खासगी पत्रांतल्या चुका अभ्यासकाला सोन्यासारख्या वाटतात. आपल्याकडेही 'पानी', 'कोन' असं लिहिलेली चिठ्ठी बोलीबद्दल जेवढं सांगते तेवढं पाठ्यपुस्तक सांगत नाही.

तिसरे साक्षीदार त्या काळचे चिकित्सक लोक. जॉन हार्ट नावाच्या माणसानं १५६९ साली इंग्रजीचं लेखन उच्चाराप्रमाणे करावं म्हणून पुस्तक छापलं आणि त्यासाठी तोंडात जीभ-ओठ कुठे ठेवायचे हेही सांगितलं. त्याचं कुणी ऐकलं नाही. आपल्याला मात्र त्याचा फार उपयोग झाला.

हे सगळे साक्षीदार एका दिशेनं बोट दाखवतात. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर या कवीच्या तोंडी 'नेम' हा शब्द जवळजवळ आपल्या 'नाम'सारखा होता, शेवटी हलकासा 'अ'. 'टाइम'मध्ये दीर्घ 'ई' होती, 'हाउस'मध्ये दीर्घ 'ऊ'. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत हे दीर्घ स्वर एकेक पायरी सरकत गेले. स्कॉटलंडमध्ये सगळे सरकले नाहीत, म्हणून तिथे आजही घराला 'हूस' म्हणणारे भेटतात. संस्कृतातलं 'नाम' आणि इंग्रजी 'नेम' हे मुळात एकाच घरातले शब्द आहेत. चॉसरच्या तोंडून ऐकलं असतं तर ते सांगावं लागलं नसतं.

आता तुमचा 'के'. तो एकेकाळी खणखणीत उच्चारला जायचा, आणि मधला 'जीएच' घशातून, 'ख'च्या जवळपास. जर्मन भाषेत याच शब्दाचा भाऊ 'क्नेष्ट' अजून 'क' म्हणतो. गंमत म्हणजे जर्मन भाऊ गडीमाणूस राहिला आणि इंग्रज भाऊ घोड्यावर बसून सरदार झाला. तर, विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. उच्चार वाटेत असतानाच छपाईनं लेखन हळूहळू गोठवलं. बोलणं पुढे गेलं, अक्षरं जागच्या जागी राहिली. घरात सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं मराठी मासिक असेल तर काढून बघा. 'नांव', 'कांहीं', 'केंस' असे अनुस्वार पानभर पसरलेले दिसतील. तेही असेच, बोलण्यातून गेलेले आणि लिहिण्यात उरलेले. फरक एवढाच की १९६२ च्या नियमांनी आपण ते झाडून टाकले. इंग्रजीला साहित्य महामंडळ नाही. त्यांच्या भाषेचा मालक कोण हे ठरलेलंच नसल्यामुळे झाडू कुणी हातात घ्यायचा, हा प्रश्न पाचशे वर्षं पडून आहे. अमेरिकेत नोआ वेब्स्टर या कोशकारानं प्रयत्न केला. त्याचं 'कलर'मधलं 'यू' काढणं लोकांनी मान्य केलं, पण 'टंग' म्हणजे जीभ हा शब्द त्यानं टी-यू-एन-जी असा सुटसुटीत केला तो कुणी घेतला नाही.

कॅक्स्टनचं नाव निघालं म्हणून त्याची अंड्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १४९० साली छापलेल्या एका भाषांतराच्या प्रस्तावनेत त्यानं ती लिहून ठेवली आहे. काही व्यापारी थेम्समधून जहाजानं हॉलंडच्या बाजूला निघाले होते. वारा पडला, म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकानं एका घरात जाऊन बाईकडे 'एगीज' मागितली. बाई म्हणाली, 'मला फ्रेंच येत नाही.' गडी भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसरा कुणी म्हणाला, 'यांना एयरन हवीत.' तेव्हा बाईला कळलं. 'एग' हा उत्तरेकडचा, व्हायकिंगांबरोबर आलेला शब्द. 'एयरन' दक्षिणेतला जुना. आता मी छापू काय, असं कॅक्स्टन कपाळाला हात लावून विचारतो.

मी लग्नानंतर पहिल्यांदा नागपूरला नणंदेकडे गेले तेव्हा भाजीवाली म्हणाली, 'सांबार घ्या ना बाई, ताजा आहे.' मी म्हटलं, इथे रस्त्यावर सांबार विकतात? तिनं कोथिंबिरीची जुडी पुढे केली. त्या दिवसापासून कॅक्स्टनची ती बाई मला परकी वाटत नाही.

प्रश्न : इंग्रजीत साहेबाला 'यू' आणि शिपायालाही 'यू'. त्या लोकांना समतेची चाड होती म्हणून तसं झालं, असं आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात एकाचं ठाम मत आहे. खरं का?
— निवृत्त पोस्टमास्तर, सांगली

उत्तर : तुमच्या मित्रांना नमस्कार सांगा आणि म्हणावं, उलट आहे. इंग्रजीत 'दाऊ' म्हणजे तू होता आणि 'यू' म्हणजे तुम्ही. फ्रेंचांच्या दरबारी चालीरीती अंगात भिनल्यावर वरच्याला एकट्यालाही 'यू' म्हणायची पद्धत पडली. मग कुणाला राग येऊ नये म्हणून माणसं सरसकट 'यू' म्हणायला लागली. अनोळखी माणसाला आपण 'अहो' म्हणून मोकळे होतो तसं. शेवटी 'तू' उपाशी मेला. म्हणजे सगळे समान झाले ते सगळे 'तुम्ही' झाल्यामुळे. सतराव्या शतकात क्वेकर पंथाची माणसं मात्र हट्टानं सगळ्यांना, अगदी न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणत, आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेत. तुमच्या मित्रांना समतावादीच हवे असतील तर ते हे.

प्रार्थनेत देवाला 'दाऊ' राहिला. म्हणून आज लोकांना तो शब्द भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात तो विठ्ठलाला आपण म्हणतो तो 'तू' आहे.

एक 'यू' सगळीकडे वापरल्यावर अडचण व्हायचीच. एक की अनेक, कळेना. मग ज्यानं त्यानं आपापली सोय केली. अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल', आयर्लंडात 'यूज', पिट्सबर्गकडे 'यिन्झ'. पण माझा आवडता प्रकार पापुआ न्यू गिनीचा. तिथली टोक पिसिन ही भाषा इंग्रजी शब्दांवर उभी राहिली. इंग्रजीत 'वी' एकच, पण यांना आपल्यासारखे दोन लागतात. 'यू' आणि 'मी' जोडून केला 'युमी', म्हणजे आपण. 'मी'ला 'फेलो' जोडून केला 'मीपेला', म्हणजे आम्ही. 'आम्ही जेवायला चाललोय' आणि 'आपण जेवायला चाललोय' यात पाहुण्याच्या पोटाचा प्रश्न असतो. तो लंडनच्या इंग्रजीत सुटत नाही आणि टोक पिसिनमध्ये सुटतो. त्या बेटांवरच्या मूळ भाषांत हा भेद होता. माणसांनी शब्द साहेबाचे घेतले, सांगाडा घरचा ठेवला.

प्रश्न : यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही लागोसला राहतो. इथे परवा येते म्हणायचं तर बायका 'नेक्स्ट टुमॉरो' म्हणतात. मुलीच्या बोलण्यात ते येऊ लागलंय. तिला थांबवू का?
— एक वाचक, नायजेरिया

उत्तर : कशाला? इंग्रजीकडे 'परवा' नाही, 'द डे आफ्टर टुमॉरो' असं लांबलचक शेपूट आहे. १५३५ च्या बायबलच्या भाषांतरात 'ओव्हरमॉरो' असा शब्द सापडतो, पण तो टिकला नाही. नायजेरियन लोकांनी रिकामी जागा भरली, आणि २०२० साली ऑक्सफर्डच्या कोशानं 'नेक्स्ट टुमॉरो' आत घेतला. त्यांचा परवा आपल्यापेक्षा सरस आहे, कारण तो फक्त पुढे जातो. आपला मागेही जातो आणि क्रियापदाची वाट बघायला लावतो. मुलीला शाळेच्या निबंधात कुठला शब्द लिहायचा तेवढं सांगा. बाकी मैत्रिणींमध्ये बोलू दे.

प्रश्न : एम.ए. करते आहे. इंग्रजी कशी बदलते, देशोदेशी कशी वेगळी होते, यावर काम करायची इच्छा आहे. पण त्यासाठी परदेशी जावं लागेल आणि घरची परिस्थिती तशी नाही.
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : अगं, तू इचलकरंजीत बसून हे विचारतेस? तासाभराच्या एसटीवर ते काम झालेलं आहे.

गोष्ट अशी. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६१ साली छापलेल्या अमेरिकन मजकुरातून ५०० नमुने निवडले. प्रत्येक नमुना सुमारे २,००० शब्दांचा, म्हणजे एकूण दहा लाख शब्द. बातम्या, अग्रलेख, धर्म, छंद, सरकारी कागद, कथा, अशा १५ खणांत ते लावले आणि संगणकात भरले. मग त्याच मापानं १९६१ च्याच ब्रिटिश मजकुराचा संग्रह झाला. आणि भारतीय इंग्रजीचा तसाच, दहा लाख शब्दांचा संग्रह आपल्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या देखरेखीखाली झाला. मजकूर १९७८ सालचा, काम पुरं झालं १९८६ मध्ये. अशा संग्रहाला कॉर्पस म्हणतात, आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या लेखांत याचं नाव 'कोल्हापूर कॉर्पस' असं येतं. युरोपात बसलेले अभ्यासक 'कोल्हापूर' हा शब्द असा सहज लिहितात आणि त्यांना तांबडा रस्सा माहीत नसतो.

त्यात एक मेख आहे, ती तुझ्या उपयोगाची. अमेरिकन आणि ब्रिटिश संग्रह १९६१ चे, आपला १९७८ चा. समजा एखादी लकब आपल्यात जास्त सापडली, तर ती जागेमुळे की मधल्या १७ वर्षांमुळे? हा प्रश्न न विचारता जो निष्कर्ष काढेल त्याचा प्रबंध मी परत पाठवीन. जर्मनीत फ्रायबुर्गच्या लोकांनी ही अडचण ओळखून १९९१ आणि १९९२ च्या मजकुराचे जुळे संग्रह केले. तेव्हा दिसलं की तीस वर्षांत 'शॅल' आणि 'मस्ट' दोन्हीकडे घटले. 'आय शॅल, वुई शॅल, बाकी सगळीकडे विल' हे मी घोकून घेत होते त्याच वर्षांत तिकडे 'शॅल' गाशा गुंडाळत होता.

लिहिलेल्याचं झालं, पण बदल बोलण्यात आधी दिसतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत जे केलं ते तू उद्या करू शकतेस. एक दुकान श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं विक्रेत्याला विचारायचं. तो 'फोर्थ फ्लोअर' म्हणणार. ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा वदवून घ्यायचं, आणि खांबाआड जाऊन 'र' उच्चारला की गिळला ते टिपायचं. २६४ माणसं झाली. महागड्या दुकानात 'र' म्हणणारे ६२ टक्के, मधल्यात ५१, स्वस्तातल्यात २०. लंडनमध्ये प्रतिष्ठित माणूस तोच 'र' गिळतो, हे लक्षात घे, म्हणजे 'र' मुळात चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

आमच्या मुलांनी हा प्रयोग मराठीतून महाद्वार रोडला केला होता. बरणीकडे बोट दाखवून 'हे काय?' विचारायचं आणि 'लोणचं' येतं की 'लोनचं' ते टिपायचं. 'काय म्हणालात?' असं दुसऱ्यांदा विचारल्यावर काहींचा 'न' सरळ होऊन 'ण' झाला. एक दुकानदार मात्र म्हणाला, 'ल्हिलंय की वर. वाचाय येत न्हाई व्हय?' त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची यावर मुलांचं भांडण झालं.

खर्च म्हणशील तर कार्डं आणि पेन. ऑक्सफर्डचा कोश असाच झाला. त्याचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ पासून वाचकांना आवाहन करून चिठ्ठ्या मागवल्या. शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, साल. कोश १९२८ मध्ये पुरा झाला, मरे १९१५ मध्येच गेले. माझी कार्डं चपलांच्या खोक्यात आहेत. एक वाचून दाखवते : 'रंकाळ्याजवळ हॉटेलची पाटी, पार्सल अव्हेलेबल, जून २००९.' ब्रिटनमध्ये पार्सल पोस्टानं येतं. जेवण न्यायचं तर तिथे 'टेकअवे', अमेरिकेत 'टू गो', मलेशिया-सिंगापूरकडे चिनीतून आलेला 'तापाव'. चार पाट्या, चार देश. तारीख आणि ठिकाण लिहायला विसरू नकोस, त्याशिवाय कार्ड म्हणजे रद्दी.

प्रश्न : एक मुंगूस म्हणजे 'मंगूस', तर दोन मुंगसं म्हणजे 'मंगीस' का? गूसचं गीस होतं म्हणून विचारलं.
— इयत्ता सातवी, चिपळूण

उत्तर : छान शंका, पण नाही. 'मंगूसेस' म्हणायचं. गूस-गीस, फूट-फीट, टूथ-टीथ ही इंग्रजीची हजार वर्षांहून जुनी खोड आहे, नव्यानं आलेल्या पाहुण्याला ती लागत नाही. आणि हा पाहुणा आपल्याकडचाच. सतराव्या शतकात इंग्रजीनं तो मराठी 'मुंगूस'वरून उचलला, बदकासारख्या त्या गूसशी त्याचं काही नातं नाही. आमच्या परसात दोन येतात. शेजारणीच्या खुराड्यातली एयरन पळवतात.